वाटूर फाट्यावर वायर रोपची टोकं बसवून देणारं दुकान चालेल का?

या आठवड्याच्या व्हिडिओत विहीर खोदायच्या क्रेनची वायर दाखवली, पण तिच्या टोकाबद्दल बोलायला वेळ पुरला नाही. खरा धंदा त्या टोकातच आहे, म्हणून हा लेख.

वाटूर म्हणजे परतूर तालुक्यातलं गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाताना लागतं आणि फाट्यावरून परतूरचा रस्ता फुटतो. अशा फाट्यावर पंक्चर, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंगची दुकानं असतातच. तिथं आणखी एक वेल्डिंगचं दुकान टाकून शेजाऱ्याचंच गिऱ्हाईक ओढण्यापेक्षा हे काम बघा.

गिऱ्हाईक कोण? पहिला क्रेनवाला. दुसरा शेडनेटवाला, जालना जिल्ह्यात बियाण्यासाठी शेडनेट भरपूर आहेत आणि वाऱ्यात ते उभे राहतात ते ताणाच्या तारांवर. मग कडवंचीसारख्या गावातले द्राक्षाचे मांडव. आणि टोचन! ट्रॅक्टर किंवा ट्रक ओढायची वायर रस्त्यावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी लागते. यातला क्रेनवाला सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याच्या वायरखाली माणसं उभी असतात. मुरमाची भरलेली बकेट चाळीस-पन्नास फुटांवरून सुटली तर खालच्याला पळायला जागा नसते. ही क्रेन माणसं ने-आण करायला बनलेलीच नाही, तरी बकेटमध्ये पाय ठेवून उतरणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

वायर मधोमध क्वचित तुटते. ती जाते टोकाला, जिथं वाकवून हुकात अडकवलेली असते. नुसती गाठ मारली तर वायरची ताकद जवळपास निम्मी होते. थिंबल घालून यू क्लॅम्प नीट बसवले तर साधारण ८० टक्के ताकद मिळते. ॲल्युमिनियमचं फेरूल हायड्रॉलिक प्रेसनं दाबलं तर ९० टक्क्यांच्या आसपास. वायर तीच, फरक फक्त कारागिराच्या हातात.

१२ मिलिमीटरच्या वायरला किमान तीन क्लॅम्प. टोक थिंबलवरून साधारण ३० सेंटिमीटर मागे वळवायचं आणि दोन क्लॅम्पमध्ये वायरच्या जाडीच्या सहापट, म्हणजे सात सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवायचं. क्लॅम्पची खाचेची बैठक वजन ओढणाऱ्या लांब बाजूवर बसली पाहिजे आणि यू बोल्ट कापलेल्या टोकाच्या बाजूवर. उलटं बसवलं तर बोल्ट वजनाच्याच बाजूला चेपतो आणि तारा तिथंच मरतात. एक सरळ, एक उलटा असे बसवलेले क्लॅम्प तर सर्रास दिसतात. लोकांना वाटतं त्यानं पकड वाढते. अजिबात नाही. पहिला क्लॅम्प कापलेल्या टोकाजवळ, दुसरा थिंबलला चिकटून, मग मधला. एकदा वजन उचलून झालं की वायर थोडी बारीक होते आणि नट ढिले पडतात, म्हणून पुन्हा आवळायचे. हे ‘पुन्हा आवळणं’ तुमच्या दरातच धरा; दुसऱ्या दिवशी फेरी मारणारा मिस्त्री गिऱ्हाईक विसरत नाही. उचलायच्या कामाला स्वस्तातले ओतीव क्लॅम्प वापरू नका, फोर्ज केलेलेच घ्या. आणि वायर कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बाइंडिंग तार घट्ट गुंडाळा, नाहीतर पीळ सुटतो.

आता थोडं समुद्राकडे जाऊ. कारण या विद्येतले खरे उस्ताद शिडाच्या बोटीवाले. गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली आणि तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्या बोटीची डोलकाठी उभी राहते ती चारी बाजूंनी ताणलेल्या तारांवर, अगदी आपल्या शेडनेटच्या खांबासारखी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना टर्मिनल असतं. एक टर्मिनल सुटलं तर डोलकाठी कोसळू शकते, आणि भर समुद्रात फाटा कुठला, वेल्डर कुठला!

म्हणून तिथं दोन प्रकार चालतात. एक, मशीननं दाबलेलं टर्मिनल. दिसायला सुबक, पण तोंडाशी खारं पाणी मुरतं, आतून गंजतं आणि बारीक चीर पडते. ती भिंगानं शोधावी लागते. दुसरा प्रकार आट्यांचा: तारेचे बाहेरचे पदर उलगडून मधल्या गाभ्यावर छोटा शंकू चढवायचा, पदर पुन्हा बसवायचे आणि दोन पान्यांनी आवळायचं. महाग पडतं, पण प्रेस लागत नाही, आणि नवा शंकू टाकून तेच टर्मिनल परत वापरता येतं. मात्र बोटीवरची तार कडक, एकोणीस जाड तारांची असते. क्रेनची वायर लवचीक, बारीक तारांची. बोटीचं टर्मिनल आणून क्रेनला लावायच्या फंदात पडू नका.

घ्यायची ती त्यांची तपासणीची सवय. सुती फडकं वायरवरून फिरवायचं. तुटलेली तार असेल तिथं धागा अडकतो. उघडा हात फिरवलात तर रक्त निघेल. टोकाजवळ एकापेक्षा जास्त तारा तुटलेल्या दिसल्या की तेवढा भाग कापून नवीन टोक बसवायचं. जळकं इंजिन ऑइल फासू नका, त्यातली घाण आत जाऊन तारा घासते.

भांडवलाचं म्हणाल तर प्रेस पहिल्याच दिवशी नको. चांगला वायर कटर, टॉर्क पाना, कॅलिपर आणि ८, १०, १२, १६ मिलिमीटरचे थिंबल-क्लॅम्प एवढ्यावर सुरुवात होते. फेरूलचं काम महिन्याला किती येतं ते वहीत लिहा, आकडा पुरेसा दिसला की प्रेसचा विचार करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

दर ठरवताना माल वेगळा, मजुरी वेगळी लिहा. प्रत्येक टोकाला पत्र्याचा बिल्ला लावा: तारीख, वायरची जाडी, सुरक्षित वजन. हे वजन म्हणजे टोकासकट वायर ज्या भाराला तुटेल त्याचा पाचवा भाग. माणूस लटकणार असेल तर दहावाच धरतात, आणि विहिरीत माणूस सोडायला टोक बांधून द्या म्हणणाऱ्याला मी तरी नाहीच म्हणेन. वायर जुनी दिसली तर नुसतं टोक बदलून देऊ नका. ‘चालतंय की’ म्हणणारा क्रेनवाला चिडून जाईल, जाऊ द्या. बिल्ल्यावर तुमचं नाव आहे.

हंगामाचंही बघा. विहिरींचं काम उन्हाळ्यात जोरात असतं, पाऊस लागला की क्रेन उभ्या राहतात. तेव्हा वायर उतरवून तपासायला मालकाकडे वेळ असतो आणि तुम्हाला काम नसतं. क्रेनवाल्यांशी ओळख मात्र दिवाळीनंतर लगेच करून ठेवा, कारण फेब्रुवारीत ते फोन उचलत नाहीत.