मांजराच्या पिल्लाला माती हवी

पुण्यातील हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे आढळल्याचे आणि दुर्गंधीने हैराण झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून महापालिकेने नोटीस बजावल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वांनीच वाचले. त्यावरून मार्जारप्रेमी आणि मार्जारद्वेष्टे यांच्यात जे वाग्युद्ध पेटले, त्यात येथे पडावयाचे नाही. परंतु त्या गदारोळात, मांजर पाळले की घरात घाण ही व्हावयाचीच, असे जे विधान अनेकांनी निर्विवाद म्हणून पुढे केले ते मला मुळीच मान्य नाही, आणि ज्यांच्या घरी नुकतेच एखादे पिल्लू आले आहे त्यांच्या मनातून तरी ते समूळ जावे, अशी माझी कळकळ आहे.

विष्ठा मातीत पुरण्याची विद्या मांजराला माणसाने दिलेली नाही. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई त्याला चाटते तेव्हाच ते होते, आणि आईच सारे स्वच्छ करीत असल्यामुळे अंथरूण कोरडे राहते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू स्वतःच सैल माती शोधून ती नखांनी उकरू लागते, कारण ज्या रानमांजरापासून त्याचा वंश निघाला ते उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रुक्ष, वालुकामय मुलखात वावरणारे होते. म्हणजे दोन महिन्यांचे होऊन जे पिल्लू आपल्या उंबरठ्याच्या आत येते, ते या बाबतीत तयार होऊनच येते. आपल्याकडे उरते ती केवळ मातीची तजवीज. वाड्याच्या परसात ती आपसूकच होती, म्हणून आमच्या आजीच्या पिढीला हा प्रश्न कधी पडला नाही. चौथ्या मजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर मात्र ते पिल्लू तुळशीची कुंडी, पायपुसणे, न घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग यांच्याकडे वळते, आणि त्या बिचाऱ्याच्या मृत्तिकाशोधाला आपण खोडी समजून त्याला रागे भरतो.

मातीची ही गरज ओळखण्याचे श्रेय एका योगायोगाकडे जाते. १९४७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस या गावी एड लोव नावाच्या तरुणाकडे, मांजरासाठी वापरावयाची वाळू थंडीने गोठली म्हणून, शेजारची एक बाई वाळू मागावयास आली. वाळू गोठल्यापासून ती राख वापरीत होती, आणि राखेने माखलेल्या पावलांचे ठसे घरभर उमटत. लोवने तिला कारखान्यांतील सांडलेले तेल शोषण्याकरिता आणलेली दाणेदार, भाजलेली माती दिली. आपण जिला मुलतानी माती म्हणतो त्याच जातीची ही माती. बाई पुन्हा तीच मागावयास आली तेव्हा लोवने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून दुकानदाराकडे नेल्या, आणि वाळू कवडीमोलाने मिळत असता पासष्ट सेंट कोण देईल, अशी शंका दुकानदाराने घेताच, मग फुकट वाटा, असे त्याला सांगितले. ज्यांनी फुकट नेली तेच पुढे पैसे मोजून नेऊ लागले. १९८४ साली टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट या मातीचे ओलाव्याने गोळे होतात हे हेरून आजचे 'लिटर' सिद्ध केले. या बेंटोनाइटचे विपुल साठे आपल्या शेजारी कच्छात आहेत.

परंतु मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते पीटर बोर्शेल्ट या प्राणिवर्तनतज्ज्ञाचे कार्य. मांजराला काय आवडत असेल याचे तर्क माणसांनी लढविण्याऐवजी त्याने तो प्रश्न मांजरांपुढेच ठेवला, निरनिराळ्या द्रव्यांतून त्यांना निवड करू दिली, आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बारीक दाण्यांची, गोळा होणारी माती त्यांनी पसंत केली. दुकानांतून गुलाब-लव्हेंडरच्या वासाची जी पाकिटे खपतात ती मनुष्याच्या नाकासाठी आहेत. मांजर त्या वासाने ट्रे टाळते आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

नव्या पिल्लाला प्रथम सारे घर मोकळे न देता एकाच खोलीत ठेवावे, आणि तेथे ज्याची कड त्याला सहज ओलांडता येईल असा उथळ ट्रे, अन्नपाण्यापासून दूर, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात मांडावा. जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळ आटोपल्यावर त्याला अलगद त्यात ठेवावे. आईकडे जे द्रव्य होते त्यातलेच मूठभर आरंभी मिसळले तर फारच उत्तम. अगदी लहान पिल्ले दाणे खाऊन पाहतात आणि गोळा होणारी माती पोटात फुगण्याची भीती असते, म्हणून पहिले काही महिने कागदाच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्या वापराव्यात. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे अधिक, हा तज्ज्ञांचा दंडक आहे. तीनशे मांजरांच्या सदनिकेत तो पाळणे अशक्यच, आणि तेथील दुर्गंधीची कैफियत मांजरांविरुद्ध नोंदविणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

ट्रेबाहेर झालेच तर पिल्लाचे नाक त्यात घासण्याचा जो अघोरी प्रघात आहे तो आजच बंद व्हावा. त्याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर हे करू नये, आणि मग ते सोफ्यामागे जाते. त्याहून घातक आपले फिनाईल. काळ्या फिनाईलमधील फिनॉलवर्गीय द्रव्ये निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते, आणि ओल्या फरशीवरून चाललेले पिल्लू पंजे चाटून ती पोटात घेते. पांढऱ्या फिनाईलमधील पाइन तेलही त्यास बाधक. अमोनियायुक्त द्रावणाचा वास तर मूत्राशीच मिळताजुळता, तेव्हा त्याने पुसलेली जागा पिल्लाला पुन्हा बोलावते. एन्झाइमचे द्रावण मिळत असल्यास तेच वापरावे.

ट्रे रोजच्या रोज साफ करण्याला आणखी एक कारण आहे. टॉक्सोप्लाझ्माचे बीज विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस घेते, म्हणून त्याआधीच ती काढावी. आणि घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम दुसऱ्याने पत्करावे. पुढे, महिनोन्‌महिने नियमाने ट्रेत जाणारे मांजर एकाएकी बाहेर बसू लागले तर त्याला दटावण्याआधी पशुवैद्यास दाखवावे. विशेषतः बोका ट्रेत वारंवार बसून कुंथत असेल आणि मूत्राचा थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो, आणि त्या प्रसंगी उद्याची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.