स्वातंत्र्य आणि परिस्थिती : एका वादाची तीस वर्षे

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सचा पाडाव होऊन पॅरिसवर जर्मनांचा अंमल बसला, आणि ज्या काळात नागरिकाला रात्री मनास येईल तेव्हा घराबाहेर पडण्याचीही मुभा उरली नव्हती नेमक्या त्याच काळात, मनुष्य हा सर्वथा स्वतंत्र आहे असे प्रतिपादन करणारा सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या इंग्रजी नावाने आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथातील सिद्धांत परिस्थितीला धुडकावून लावणारा वाटतो खरा. परंतु ट्रियर येथील छावणीत युद्धकैदी म्हणून राहून १९४१ च्या मार्चमध्ये सुटून आलेल्या लेखकाला बंधन म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते. त्यांचे म्हणणे असे की, बंदिवानाच्या देहाचे हाल करता येतात, पण साथीदारांची नावे सांगावयाची की मौन पाळावयाचे, हा निर्णय त्याच्या वतीने दुसरा कोणी घेऊ शकत नाही, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही दुसऱ्यावर टाकता येत नाही.

या विचाराचे सामर्थ्य मला त्या बृहद्ग्रंथापेक्षा २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये तुडुंब गर्दीपुढे झालेल्या व्याख्यानातील एका हकीकतीत अधिक जाणवते. युद्धकाळात एक विद्यार्थी सार्त्र यांच्याकडे सल्ला विचारावयास आला होता. थोरला भाऊ जर्मन आक्रमणात मारला गेलेला, बाप शत्रूशी हातमिळवणी करण्याकडे झुकलेला, आणि या दोन्ही दुःखांनी खचलेली आई ह्या एका मुलाच्या तोंडाकडे पाहून दिवस कंठीत असलेली. अशा स्थितीत त्याने इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हावे, की आईजवळ राहावे? निघाल्यास वाटेत स्पेनमधल्या छावणीत अडकून पडण्याचा, किंवा पोहोचून एखाद्या कचेरीत कारकुनी करीत बसण्याचा संभव होता. उलट, आईसाठी केलेली प्रत्येक गोष्ट तिच्या कामी येणार हे निश्चित होते. सार्त्र यांनी उत्तर दिले ते इतकेच, की निवड त्याची त्यानेच करावयाची आहे. पुष्कळांना हे निष्ठुर वाटले. परंतु सल्लागार निवडतानाच मनुष्य सल्लाही निवडून टाकतो, जर्मनांना मिळालेल्या पाद्र्याकडे जाणे आणि प्रतिकारकांच्या पक्षाच्या पाद्र्याकडे जाणे या मुळातच दोन निवडी होत, या त्यांच्या निरीक्षणापुढे मी निरुत्तर होतो.

त्याच वर्षाच्या आरंभी जबाबदारीच्या तत्त्वाची कसोटी न्यायालयात लागली होती. ज्यूंविरुद्ध गरळ ओकणाऱ्या साप्ताहिकाचे माजी संपादक रोबेर ब्राझियाक यांना फितुरीबद्दल देहांताची शिक्षा फर्मावण्यात आली. दयेच्या अर्जावर आल्बेर काम्यू यांनी, त्या मनुष्याविषयी तिटकारा असूनही, देहदंडाला विरोध म्हणून सही केली. सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांनी केली नाही. द गोल यांनी अर्ज नामंजूर केला आणि ६ फेब्रुवारीस ब्राझियाक यांना गोळ्या घालण्यात आल्या. लिहिलेला शब्द हीसुद्धा कृतीच होय आणि तिचा जाब लेखकाने दिलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. त्यापोटी प्राण घ्यावेत हे मात्र मान्य नाही, आणि माझी सही काम्यू यांच्या सहीखाली पडली असती.

मात्र बोव्हार यांच्याच मनात मूळ सिद्धांताविषयी एक शंका पूर्वीपासून घर करून होती. १९४० च्या वसंतात सार्त्र सैन्यातून रजेवर आले असता या विषयावर दोघांची चर्चा झाली. तीत, जनानखान्यात कोंडलेल्या स्त्रीला कसले स्वातंत्र्य, असा प्रश्न त्यांनी केला. तसले जिणेही अनेक प्रकारांनी जगता येते, हे उत्तर त्यांना पटले नाही. आपण केवळ वरवर माघार घेतली, असे त्यांनी १९६० साली आत्मचरित्रात नमूद केले आहे. पण खरे प्रत्युत्तर १९४९ मध्येच ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथाने दिले होते. ज्या देशात स्त्रियांनी पहिले मतदान १९४५ साली केले, तेथे विवाह, शिक्षण आणि मिळकत यांनी स्त्रीच्या निवडीभोवती कुंपण कसे घातले जाते, हे त्यांनी इतक्या बारकाईने दाखविले की, सर्वांचे स्वातंत्र्य सारखेच असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

सार्त्र यांना तेथवर येण्यास बराच काळ लागला. कोणत्याही परिस्थितीत फितूर व्हावे की न व्हावे हे ठरविण्यास मनुष्य मोकळा असतो, हे आपलेच जुने विधान वाचून आपण थक्क झालो, असे त्यांनी १९६९ साली एका मुलाखतीत सांगितले. आणि परिस्थितीने ज्याला घडविले तो मनुष्य तिने दिलेले सगळे जसेच्या तसे परत करीत नाही, त्या थोड्याशा फरकालाच त्यांनी आता स्वातंत्र्य म्हटले. उदाहरण दिले ते झाँ झने यांचे. आईने टाकलेले हे मूल परक्या घरी वाढले, चोर ठरले, आणि पुढे तुरुंगातच लेखणी धरून लेखक झाले. यातले किती झने यांचे आणि किती परिस्थितीचे, याचा हिशेब सार्त्र यांनी त्यांच्यावर १९५२ साली लिहिलेल्या प्रचंड ग्रंथातही पुरता लागत नाही. पण पूर्वीच्या निःशंक सिद्धांतापेक्षा हा न लागणारा हिशेब मला अधिक विश्वासार्ह वाटतो.