पोहोचल्याचे पत्र

आमच्या लहानपणी पाहुणे गावी परत निघाले, की आजी दारापर्यंत जाऊन एक वाक्य हमखास म्हणे, "पोहोचल्याचे पत्र टाका हो!" चार दिवसांनी पोस्टकार्ड येई : 'सुखरूप पोहोचलो. काळजी नसावी.' मजकूर एवढाच. पण तो येईपर्यंत आजीचे लक्ष दाराकडे असे. आता पोस्टकार्डाची वाट कोणी पाहत नाही. तारसेवाही २०१३ च्या जुलैत बंद झाली. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. मग काळजी मिटली म्हणावी काय?

२६ जुलै २००५ चा मंगळवार मी विसरू शकत नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; कुलाब्याला मात्र अवघा ७३! त्यामुळे फोर्टातल्या कचेरीत बसलेल्या बाबांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पनाच नव्हती. मी पार्ल्याला कॉलेजात अडकले होते. आई कुर्ल्याला, तळमजल्यावरच्या घरात एकटी. लोकल बंद, मोबाइल मुका, घरच्या फोनची घंटा नुसतीच वाजत राहिलेली.

रात्री आठच्या सुमारास कॉलेजच्या कचेरीतल्या फोनवरून मी नाशिकच्या आत्याला फोन लावला. विचारपूर्वक नव्हे, घराखेरीज तेवढाच एक नंबर मला तोंडपाठ होता. आत्या म्हणाली, "अगं, तुझे बाबा दादरला मित्राकडे आहेत. आताच बूथवरून बोलले. पण वहिनीचा काही पत्ता नाही गं!" बाबांनाही तोच नंबर आठवला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे घरी पोहोचलो. घरात कमरेइतके पाणी येऊन गेले होते. आई तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती. रात्रभर तिने गॅलरीतून रस्ता पाहिला होता. त्या शेजाऱ्यांचा फोन चालू होता. नाशिकला फोन केला असता, तर दोन मिनिटांत तिच्या जिवाला स्वस्थता मिळाली असती. पण तिला ते सुचले नाही, कारण तसे कधी ठरलेच नव्हते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "कुठे विचारायचे, ते एकदा सांगून तरी ठेवायचे होते."

तिचे ते वाक्य मला अजून बोचते.

संकटाच्या वेळी एकाच शहरातले सगळे एकमेकांना फोन करू लागतात आणि वाहिन्या तुंबतात. वीज गेली, की काही तासांनी मोबाइलचे मनोरेही गप्प होतात. अशा वेळी बाहेरगावी फोन पुष्कळदा लागतो. बोलणे होत नसेल, तर लहानसा एसएमएस पाठवावा. त्याला जागा थोडी लागते आणि वाट मोकळी होताच तो पुढे सरकतो. प्राणावर बेतले असेल, तर आधी ११२ फिरवावा. पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका या तिन्हींसाठी तो एकच क्रमांक आहे.

पण या साऱ्याआधी घरात बोलून ठेवायला हवे. निरोप कोणाकडे ठेवायचा? घरी पोहोचता आले नाही, तर कोठे जमायचे? मोबाइल बंद पडला, तर त्यातले नंबरही गेले. म्हणून दोन नंबर पाठ असावेत आणि ते कागदावर लिहून मुलांच्या दप्तरात व आजोबांच्या पाकिटात ठेवावेत. याला पैसा लागत नाही. फराळाच्या ताटांभोवती सगळे जमले असताना दहा मिनिटे पुरतात.

आमच्याकडे आता हा भाऊबीजेचा रिवाजच झाला आहे. ओवाळणी झाली, की आत्या मुलांना समोर बसवते आणि पाढे म्हणून घ्यावेत तसा आपला नंबर म्हणून घेते. मुले हसतात. आई हसत नाही. ती सगळ्यांबरोबर, शेवटच्या आकड्यापर्यंत, तो नंबर म्हणते.