काळ्या मातीचा प्लॉट आहे? पाया खणण्याआधी हे वाचा
विदर्भ-मराठवाड्यात नव्या घराच्या भिंतींना थोड्याच वर्षांत तिरक्या भेगा पडलेल्या दिसतात. दोष मिस्त्रीला दिला जातो, पण अनेकदा कारण पायाखालच्या काळ्या मातीत असते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यासोबत पायाही हलतो.

मोजणी : भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या. बांधकाम परवानगी मिळेपर्यंत खोदकाम नको.

माती परीक्षण : कठीण मुरूम किंवा खडक किती खोलीवर आहे, हे कळल्यावरच इंजिनिअरकडून पायाचे डिझाइन घ्या. शेजारच्या घराचा अंदाज चालत नाही.

भराव : झाडांची मुळे, कचरा आणि वरची मऊ माती काढा. मुरूम एकदम ओतू नका. साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, मग रोलर किंवा धुम्मस. नंतरच पुढचा थर. हा भराव फरशीखाली चालतो. पाया मात्र मूळ कठीण थरावरच हवा.

पाण्याचा निचरा : जमिनीचा उतार घरापासून बाहेर ठेवा. पायाजवळ पाणी मुरले, तर माती पुन्हा फुगणारच.