फुकटच्या टरफलांचा हिशेब

सकाळी ७.००
अंडाभुर्जीच्या गाडीवरचे मामा रात्रीची टरफलं वेगळ्या पिशवीत ठेवतात. "ताई, आज कांदा नाही बघा त्यात." आधी कांद्याची सालं, पावाचे तुकडे, मिरच्यांचे देठ सगळं एकत्र यायचं आणि माझा तास-दीड तास निवडण्यातच जायचा. टरफलं फुकट मिळतात, निवडणावळ मात्र आपली.

८.००
मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. ऑपरेटर गेटवरच सांगतो, "मॅडम, रात्री पाऊस झालाय, पाणी पातळ लागेल." साध्या सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४ ते १२ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. तो टरफलांच्या मदतीने पकडायचा, म्हणून मी कॅन भरते ते सेंट्रिफ्यूजपाशी. गाळ पिळून निघालेल्या पाण्यात तो कितीतरी पट जास्त असतो. आपण जेवणातून खाल्लेला फॉस्फरस मलमूत्रातून इथवर येतो. इथे अडवला नाही तर मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. वाटेत जलपर्णीचं फावतं.

९.३०
टरफलं गरम पाण्यात टाकून आतला पापुद्रा सोडवायचा. तो राहिला तर भट्टीत केस जळल्यासारखा वास सुटतो. मग ओव्हनमध्ये वाळवणं, मिक्सर, चाळणी. मिक्सरवर चिठ्ठी आहे : 'यात चटणी वाटू नये.'

११.००
पूड मफल फर्नेसमध्ये, ९०० अंशांवर. टरफल म्हणजे जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० ग्रॅमचे सुमारे ५६ ग्रॅम उरतात. हा कळीचा चुनाच. कालच्या घाण्यातल्या चुन्यावर पाणी घातलं, तर चर्र करून बीकर हातात धरवेना.

१२.००
जार टेस्ट. सहा बीकर, सहा पंखे, प्रत्येकात चुन्याचा वेगळा डोस. सामू १० च्या वर गेला की अमोनियाचा भपका नाकात बसतो आणि पाण्यात पांढरे कण दिसू लागतात. कॅल्शियम आणि फॉस्फेटची जोडी जमलेली असते. पण सांडपाण्यातलं बायकार्बोनेट मध्येच हात मारतं. चुन्याचा मोठा वाटा त्याच्याशी जुळून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे भट्टीत एवढी वीज जाळून पुन्हा टरफलाचीच पूड! शिवाय वरचं पाणी इतकं अल्कधर्मी की सामू उतरवल्याशिवाय नदीत सोडता येत नाही.

दुपारी २.३०
मोजणी. काचेची भांडी आम्लाने धुतलेली हवीत. फॉस्फेट असलेल्या साबणाचा अंशसुद्धा आकडा बिघडवतो. मर्फी आणि रायली यांची १९६२ ची पद्धत अजून चालते : मोलिब्डेट, अँटिमनीचा क्षार, क जीवनसत्त्व. दहा मिनिटांत निळा रंग चढतो, तो ८८० नॅनोमीटरवर वाचायचा. मूळ पाण्याचा नमुना गडद निळा, चौथ्या बीकरचा जेमतेम निळसर. गेलेला फॉस्फरस तळाच्या साक्यात आहे.

४.००
चहा घेताना एम.टेक.च्या मुलाचा प्रश्न : "ताई, जलशुद्धीकरणातला तुरटीचा गाळ का नको? तोही फुकट आहे, भट्टीही लागत नाही."
फॉस्फरस पकडण्यात तो गाळ वाकबगार आहे. पण ॲल्युमिनियमने धरलेला फॉस्फरस पिकाच्या मुळांना सहजी सुटत नाही. तळं वाचवायचं असेल तर उत्तम, शेतात न्यायचं असेल तर अवघड. पोलादाच्या मळीत आणि राखेत कॅल्शियम असतं, पण जड धातू तपासावे लागतात. मिठागरात मीठ धरल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात भरपूर मॅग्नेशियम असतं. त्यातून स्ट्रुव्हाइट मिळतं, मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे. हेच खडे एरवी केंद्राच्या पाइपात बसून ते चोंदवतात. आपला साका मी २ टक्के सायट्रिक आम्लात घोळवते, पिकाला किती मिळू शकेल याचा अंदाज घ्यायला. फॉस्फरस पाण्यातून काढणं एक काम, पिकापर्यंत पोचवणं दुसरं.

६.००
वहीत हिशेब. एक किलो फॉस्फरस बांधायला, कागदावर, साडेपाच-पावणेसहा किलो टरफलं लागतात, म्हणजे सुमारे हजार अंडी. ५० किलोच्या डीएपी खताच्या गोणीत साधारण १० किलो फॉस्फरस असतो, तेव्हा एका गोणीला दहा हजार अंडी. बायकार्बोनेटची वाटमारी धरली तर त्याहून जास्त. दुसरी बाजूही मांडते : खतासाठीचा बहुतेक रॉक फॉस्फेट आपण आयात करतो आणि जगातल्या साठ्याचा सुमारे ७० टक्के वाटा मोरोक्कोच्या ताब्यात आहे. तो खडक एकदाच खणता येतो. सांडपाणी रोज येतं.

तेव्हा स्वस्ताई टरफलाच्या भावावर ठरत नाही. गोळा करणं, धुणं, तापवणं, सामू उतरवणं हे सगळं धरून शेतात पोचलेल्या एक किलो फॉस्फरसला किती पडलं, तो खरा भाव. उद्या दोन फोन करायचे आहेत : अंडी फोडून बलक विकणाऱ्या कारखान्याला, जिथे टरफलं एका जागी आणि न मिसळता मिळतील, आणि चुन्याच्या भट्टीवाल्याला, आमची पूड त्याच्या घाण्यात भाजून देईल का, हे विचारायला.