कुत्र्याच्या पोटातला गळ

नवेगाव बांधच्या तलावासारख्या ठिकाणी काठावर मासे साफ होऊ लागले, की गावातली कुत्री जमतात. कुठे आतडी पडलेली असतात, कुठे तुटलेल्या गळाला आमिषाचा तुकडा तसाच राहिलेला असतो. कुत्रे तो हुंगते आणि गिळते. आत लोखंड आहे, हे त्याच्या गावीही नसते.

घरात पाळलेले कुत्रेही याहून वेगळे वागत नाही. तुपाचे फडके, मटणाची पिशवी, मालकाच्या घामाचा मोजा यांना वास असतो आणि कुत्रे जग ओळखते ते वासाने. शिवाय त्याचा जबडा वर-खाली हलतो, गाई-म्हशींसारखा आडवा फिरत नाही. त्यामुळे चावून बारीक करणे नाही, मोठा घास सरळ आत. अन्ननलिका चांगली ताणते, पण पुढचे आतडे अरुंद असते. आंब्याची कोय घशातून सहज उतरते, काही दिवस पोटात निवांत पडून राहते आणि मग आतड्यात अडकते. उन्हाळ्यात कोय, पावसाळ्यात मक्याचे बुरकुंड.

सर्वांत फसवा म्हणजे दोरा. शिवणाचा असो, पतंगाचा असो की गळाचा तंगूस. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते, पण दोरा हलत नाही. मग विजारीच्या नाडीवर नेफा गोळा व्हावा तसे आतडेच दोऱ्यावर गोळा होते. दोरा ताणला जाऊन आतड्याला करवतीसारखा कापतो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढू नये.

घरगुती उपायांचा आपल्याकडे भारी उत्साह! उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजतात. त्याने रक्तातले मीठ वाढून जनावर दगावू शकते. एरंडेल पाजले तर बंद वाटेवर जोर पडतो. गळ, सुई किंवा घड्याळातला सेल गिळला असेल, तर उलटी करवणे घातकच. वर येताना तो पुन्हा इजा करतो. मोजा किंवा फडके असेल, तर पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन ते बाहेर काढू शकतात. तास उलटले की बहुधा शस्त्रक्रियाच.

इथे अंतर आडवे येते. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय नवेगावहून शंभर किलोमीटरपेक्षा दूर. त्यामुळे आधी जवळच्या डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत खायला काही देऊ नये. वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे, शी बंद होणे, पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

निघताना एक गोष्ट बरोबर घ्यावी: जे गिळले, त्याचा जोडीदार. एक्स-रेमध्ये गळ आणि सुई लख्ख दिसतात, कापड आणि प्लॅस्टिक बहुधा दिसत नाही. उरलेला दुसरा मोजा किंवा तसाच दुसरा गळ समोर ठेवला, की डॉक्टरांना शोधायचे काय आणि ते केवढे, याचा अंदाज येतो.