देशाचा चौथा ग्रँडमास्टर

विश्वनाथन आनंद 1988 मध्ये, दिब्येंदू बरुआ 1991 मध्ये, प्रवीण ठिपसे 1997 मध्ये आणि अभिजित कुंटे 2000 मध्ये. पहिले चार ग्रँडमास्टर मिळायला भारताला बारा वर्षं लागली आणि त्यांतले दोघे मराठी होते. पुण्याजवळच्या आमच्या निगडी, चिखली, मोशी भागात आज गल्लोगल्ली बुद्धिबळाचे क्लास आहेत. तिथे येणाऱ्या मुलांना गुकेश आणि दिव्या तोंडपाठ असतात. कुंटे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतात, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

3 मार्च 1977 ला पुण्यात जन्मलेले कुंटे 1997 मध्ये राष्ट्रीय विजेते झाले आणि 2000 मध्ये पुन्हा. बहीण मृणालिनीही आंतरराष्ट्रीय दर्जाची खेळाडू. ग्रँडमास्टर व्हायचं तर 2500 रेटिंग गाठायचं आणि नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतली ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी, मिळवायचे. नॉर्मसाठी समोर ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडू हवेत. तशा स्पर्धा तेव्हा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, म्हणून खेळाडू युरोप गाठायचे. अभ्यासाला बेलग्रेडहून निघणारे ‘इन्फॉर्मेटर’ या डावांच्या संग्रहाचे जाडजूड खंड असायचे, हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीचं सॉफ्टवेअर ज्याच्या संगणकावर असेल त्याच्याकडे बाकीचे जाऊन बसायचे. आज चाकणच्या कारखान्यातून घरी परतणारा बाप मोबाइलवरचं इंजिन उघडून लेकीच्या डावातली चूक क्षणात शोधतो.

कुंटे यांच्या खेळातला मला सर्वांत मोठा वाटणारा विजय 2003 चा, एडिंबरोतल्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेतला. ही स्पर्धा तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांना खुली होती. पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी ती 1929, 1932 आणि 1933 मध्ये जिंकली होती. मग 2002 मध्ये आर. बी. रमेश जिंकले आणि पुढच्याच वर्षी कुंटे. लागोपाठ दोन वर्षं किताब भारतात आला आणि 2004 पासून राष्ट्रकुलातल्या खेळाडूंना दार बंद झालं. त्या पिढीच्या ताकदीची याहून ठळक पावती दुसरी नाही. हे दोघंही पुढे शिकवण्याकडे वळले. प्रज्ञानंद आणि वैशाली घडले ते रमेश यांच्या हाताखाली.

कुंटे यांना 2021 चा ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार मिळाला. जीवनगौरव म्हटलं की कारकीर्द संपली असं आपण धरून चालतो. त्यांचं सर्वांत मोठं काम तर त्यानंतर झालं, भारतीय महिला संघाचे कर्णधार म्हणून.

बुद्धिबळ ऑलिम्पियाड ही देशांच्या संघांची स्पर्धा, आणि तिथला हा कर्णधार स्वतः खेळत नाही. संघात पाच जणी, पट चार. रोज कुणाला बसवायचं हे त्याने ठरवायचं. डाव सुरू झाला की तो खेळाडूंच्या मागे उभा. वजिराचा घोटाळा समोर दिसत असला तरी बोलायचं नाही. बरोबरीचा प्रस्ताव द्यावा का, आलेला घ्यावा का, एवढंच खेळाडू त्याला विचारू शकते आणि त्यालाही त्रोटक उत्तर. जो आयुष्यभर स्वतः चाली खेळला, त्याने तासन्‌तास हात मागे बांधून उभं राहायचं!

2022 ला चेन्नईत, घरच्या मैदानात, शेवटच्या फेरीपूर्वी संघ आघाडीवर होता. अमेरिकेकडून 3-1 हार झाली आणि सुवर्ण निसटलं. कांस्य हाती आलं. भारतीय महिलांचं ऑलिम्पियाडमधलं ते पहिलं पदक होतं, पण त्या संध्याकाळी पदकापेक्षा हुकलेलं सुवर्णच टोचलं.

दोन वर्षांनी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडला संघात कोनेरू हंपी नव्हती. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका आणि तानिया यांनी पहिल्या सातही लढती जिंकल्या. आठव्या फेरीत पोलंडकडून हार झाली आणि चेन्नईची आठवण अंगावर आली. नवव्या फेरीत अमेरिकेपुढे वैशाली हरली होती. वंतिकाच्या घड्याळात जेमतेम सेकंद उरलेले, समोर अनुभवी इरिना क्रश. वंतिकाने तो डाव काढला आणि लढत 2-2 अशी सुटली. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन पटांवर बरोबरी आणि एकट्या दिव्याचा नी शिकुनवर विजय: अडीच-दीड. शेवटी अझरबैजानला साडेतीन-अर्धा असं हरवून 22 सप्टेंबर 2024 ला 19 गुणांनी सुवर्ण आलं. सामन्याचे आकडे वाचायला सोपे आहेत. पण पोलंडकडून हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच मुलींना पुन्हा पटापुढे खंबीरपणे बसवणं, हे कर्णधाराचं काम कुठल्याच गुणतक्त्यात दिसत नाही.

आमच्या पट्ट्यातल्या आईबापांना मी हे मुद्दाम सांगतो. इथे स्पर्धा रविवारी आणि एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. अनेक बाप पहिली पाळी करून थेट हॉलच्या दाराशी येऊन उभे राहतात. मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न: ‘रेटिंग किती वाढलं?’ हरलेल्या डावाची नोंद तशीच दप्तरात जाते. ती बाहेर काढून मुलाबरोबर बसायला हवं.

बुडापेस्टच्या त्याच संघातली नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि त्यासरशी ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत तिने टायब्रेकमध्ये हरवलं ते हंपीला. कुंटे चौथे होते, दिव्या देशाची 88 वी.